दर सिनेमात मरणारा माणूस

अँथनी क्विन हे नाव आजच्या कॉलेजातल्या पोरांना सांगितले तर ती विचारतील, हा कोण? साहजिक आहे. तो वारला त्याला बराच काळ लोटला. ३ जून २००१ रोजी, अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, वयाच्या ८६ व्या वर्षी. पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांना विचारून पाहा. 'गन्स ऑफ नॅव्हरोन'मधला दांडगा ग्रीक कर्नल, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'तला गरुडासारख्या नाकाचा अरब टोळीप्रमुख, 'झोर्बा द ग्रीक'मधला समुद्राकाठी नाचणारा म्हातारा, हे सगळे त्या एकाच माणसाने केले. आणि तो ना ग्रीक होता, ना अरब. मेक्सिकोत जन्मलेल्या एका कंगाल घरातले ते पोर होते.

आम्ही म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीतली पाच-सहा पोरे. इंग्रजी सिनेमे आम्ही सकाळच्या खेळाला, पुढच्या रांगेत बसून पाहायचो. तिकीट स्वस्त आणि एसीची हवा फुकट. भाषा निम्मीसुद्धा कळत नसे. गोरा हिरो काय पुटपुटतो आणि त्याची बाई का रडते, हे ज्याचे त्याने समजून घ्यायचे. क्विन मात्र कळायचा. रुंद गालफडे, राकट हात, रापलेला वर्ण. हा माणूस सकाळी गोदीच्या गेटवर पाळी लावून उभा राहिला असता तर कोणी वळूनही पाहिले नसते, इतका तो आमच्यातला दिसे. त्याच्या जुन्या चित्रपटांत एक गोष्ट ठरलेली असायची. तो मरायचा. बाणाने, गोळीने, तलवारीने, कसाही. पण हिरोच्या हातून मरायचा. आम्ही चहाची पैज लावायचो, मध्यंतराआधी जातो की नंतर? 'नॅव्हरोन'मध्ये तो शेवटपर्यंत जिवंत राहिला तेव्हा आमच्या रांगेत टाळ्या पडल्या होत्या.

त्याचा जन्म २१ एप्रिल १९१५ चा, मेक्सिकोच्या उत्तरेतल्या चिवावा शहरातला. देशात तेव्हा क्रांतीची धामधूम चालू होती आणि बाप पांचो व्हिलाच्या फौजेत होता. बापाकडून आयरिश रक्त, म्हणून आडनाव क्विन. आई मान्वेला मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या वंशातली. तान्हे पोर घेऊन हे कुटुंब सरहद्द ओलांडून टेक्सासमधल्या एल पासो गावी आले, तिथून कॅलिफोर्नियात शेतमजुरीवर गेले आणि शेवटी पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीत राहिले. बापाला एका सिनेमा कंपनीत काम मिळाले. जरा बरे दिवस येतात तोच तो मोटारीच्या अपघातात गेला. अँथनी तेव्हा दहा वर्षांचा होता.

पुढची कहाणी आपल्या वाचकांना नवी नाही. बूटपॉलिश केले, वर्तमानपत्रे विकली, मळ्यात फळे तोडली, थोडा मोठा झाल्यावर पैशासाठी बॉक्सिंगच्या रिंगणात मार खाल्ला आणि दिलाही. एका बाईंच्या प्रार्थनासभेत सॅक्सोफोन वाजवला. त्यात आणखी एक दुखणे होते. मेक्सिकन पोरांत मिसळावे तर क्विन हे आडनाव आडवे येई, हा गोऱ्यांचा. गोऱ्यांत जावे तर तोंड आडवे येई, हा मेक्सिकन. दोन्हीकडून दार बंद. त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितले होते की, त्या वयातच त्याने दोन्ही बाजूंना रामराम ठोकला आणि आपण जगाचे नागरिक व्हायचे असे ठरवून टाकले.

त्याच्या आयुष्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट आम्हाला वाटते ती जिभेची. शाळेत त्याला चित्रकला आणि इमारतींचे नकाशे काढण्याचा नाद होता. त्यातूनच फ्रँक लॉइड राइट या अमेरिकेतल्या फार मोठ्या वास्तुशिल्पकाराशी त्याची गाठ पडली. राइटने नकाशे पाहिले आणि पोराचे बोलणेही ऐकले. बोलणे अडखळत होते. जिभेखालचा पडदा आखूड होता, त्यामुळे शब्द नीट उमटत नसत. वास्तुशिल्पकाराला लोकांशी बोलता आले पाहिजे, जा आणि जीभ मोकळी करून घे, असा सल्ला राइटने दिला. शस्त्रक्रिया झाली. पण जीभ सुटली म्हणजे बोलणे आले असे होत नाही. उच्चार पहिल्यापासून शिकायला तो एका नाट्यशाळेत गेला. फी द्यायला पैसे नव्हते, म्हणून तिथे झाडलोट केली. बोलायला शिकायला गेलेला मुलगा नाटकात उभा राहिला तो असा. नंतर सिनेमाचे बोलावणे आले तेव्हा त्याने राइटलाच विचारले, आणि राइटने सांगितले, जा, माझ्याकडे एवढे पैसे तुला कधीच मिळणार नाहीत. ही हकीकत क्विनच सांगत असे.

१९३६ साली 'पॅरोल' हा पहिला चित्रपट. त्यात तो कैदी झाला. त्याच सुमारास सेसिल बी. डेमिल या बड्या दिग्दर्शकाच्या 'द प्लेन्समन'मध्ये शायेन जमातीच्या रेड इंडियनाचे छोटे काम मिळाले. १९३७ साली डेमिलच्या दत्तक मुलीशी, कॅथरीनशी, त्याचे लग्न झाले. वाचकांना वाटेल की आता सासराच हॉलिवूडचा राजा, मग काय कमी? पण सासऱ्याच्या मांडवात जागा मिळाली तरी पडद्यावरची जागा काही बदलली नाही. १९४७ पर्यंत पन्नासच्या आसपास चित्रपट झाले. रेड इंडियन, फिलिपिनो, चिनी गनिमी, अरब शेख, हवाई बेटांवरचा नायक, इटालियन गुंड. जगात जो कोणी गोरा नव्हता तो क्विन. हिरो मात्र कधी नाही.

मेक्सिकन म्हणून हिरो होता येत नसे, असेही सरसकट म्हणता येत नाही. रामोन नोव्हारो हा मेक्सिकोतल्या दुरांगोचा. १९२५ च्या मूकपट 'बेन हर'चा तो नायक होता आणि बायका त्याच्यावर फिदा होत्या. पण तो उजळ, नाजूक, कोरीव चेहऱ्याचा. क्विनच्या चेहऱ्यावर त्याच्या आईचे लोक होते. स्टुडिओवाल्यांना जन्मदाखला पाहायची गरजच पडत नसे.

हे आम्हाला पुस्तकात वाचून कळलेले नाही. आमच्यातला एक जण पुढे दहा-बारा वर्षे सिनेमात एक्स्ट्राचे काम करत होता. नाव लिहीत नाही, त्याची नातवंडे हा अंक वाचतील. सकाळी स्टुडिओच्या फाटकाशी सप्लायर तोंडे पाहून दोन रांगा करायचा. पार्टीच्या आणि कोर्टाच्या सीनला उजळ आणि कपडेवाले. दंगल, दरोडा, झोपडपट्टी आणि हमालीच्या सीनला बाकीचे. आमचा मित्र बी. ए. झालेला, कांबळे मास्तरांच्या तालमीत नाटकांतून मोठमोठी भाषणे पाठ म्हणणारा. त्याला एकदा वकिलांच्या बाकावर बसायची फार इच्छा होती. बसवले नाही. तो म्हणायचा, "आपला क्विन बरा रे, निदान मरताना क्लोजअप तरी मिळतो त्याला."

आता एका चित्रपटाविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण तो फारसा कोणी पाहिलेला नसतो. १९४३ चा 'द ऑक्स-बो इन्सिडेंट'. आम्ही तो अलीकडे नातवाच्या मोबाईलवर पाहिला. हेन्री फोंडा त्यात आहे. गुरांचा एक मालक मारला गेल्याची आवई उठते. गावातले लोक घोड्यावर बसून निघतात आणि रानात झोपलेल्या तिघांना पकडतात. त्यातला एक मेक्सिकन, म्हणजे क्विन. पुरावा नाही, खटला नाही, पहाटे तिघांनाही फासावर लटकवायचे असे जमाव ठरवतो. नको म्हणणारे सात जण निघतात, फक्त सात. क्विनचा मेक्सिकन बराच वेळ आपल्याला इंग्रजी येत नाही असे दाखवून गप्प राहतो. पळायला जातो, पायात गोळी लागते, ती स्वतःच चाकूने काढतो. आणि मग अस्खलित इंग्रजीत सांगतो की इंग्रजीच काय, आणखी दहा भाषा त्याला येतात. पण यांच्याशी बोलण्यासारखे त्याच्याजवळ एकाही भाषेत काही नाही. तिघे लटकतात. आणि मग कळते, तो मालक जिवंत आहे.

जमाव म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये काय चालले होते ते सांगितले पाहिजे. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथे एका पाणवठ्याजवळ एक मेक्सिकन तरुण मरणाच्या अवस्थेत सापडला. लोकांनी त्या जागेला स्लीपी लगून म्हटले आणि खटल्यालाही तेच नाव पडले. पोलिसांनी मेक्सिकन वस्तीतली शेकडो पोरे उचलली. बावीस जणांवर एकत्र खटला चालला. त्यांना आपल्या वकिलांजवळ बसू दिले नाही. सुरुवातीला कित्येक दिवस केस कापू दिले नाहीत, कपडे बदलू दिले नाहीत. म्हणजे पंचांसमोर ती गुंडच दिसावीत. शेरीफच्या खात्यातल्या एका अधिकाऱ्याने तर लेखी अहवाल दिला की, मेक्सिकनांच्या अंगात मूळ रहिवाशांचे रक्त आहे, म्हणून जीव घेणे हे त्यांच्या जन्मातच आहे. जन्मात! हा वास आपल्या नाकाला अनोळखी नाही. जानेवारी १९४३ मध्ये सतरा जणांना दोषी ठरवले गेले.

त्या पोरांसाठी एक बचाव समिती उभी राहिली. पैसा गोळा करायचा, वकील द्यायचे, लोकांना खरे काय ते सांगायचे. त्यात हॉलिवूडची जी थोडी माणसे उघडपणे उतरली त्यांत ऑर्सन वेल्स होता, रिटा हेवर्थ होती आणि क्विन होता. वेल्स तेव्हा बडे नाव होते, त्याला कोण हात लावणार? क्विन स्टुडिओच्या पगारावरचा, दुय्यम कामे करणारा, आणि त्याच वस्तीत वाढलेला. त्याने गप्प बसायचे ठरवले असते तर कोणी विचारायला आले नसते. ऑक्टोबर १९४४ मध्ये वरच्या कोर्टाने ते सगळे निकाल रद्द केले आणि पोरे सुटली. क्विनच्या कामगिरीचा आढावा घेताना लोक त्याची दोन ऑस्कर मोजतात. आम्ही हे आधी मोजतो.

याच काळात त्याच्या घरावर घाला पडला. १९४१ साली त्याचा पहिला मुलगा, तीन वर्षांचाही नव्हता, शेजारच्या आवारातल्या पाण्याच्या हौदात बुडून मेला. त्यावर तो पुढे फारसा बोलत नसे. आम्हीही जास्त लिहीत नाही.

१९४७ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि हॉलिवूडला कंटाळून न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गेला. तिथे 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या नाटकात मार्लन ब्रँडोने गाजवलेली भूमिका त्याने केली आणि चांगली केली. मग १९५२ साली दोघे समोरासमोर आले, 'विवा झापाटा' या चित्रपटात. झापाटा हा मेक्सिकोच्या क्रांतीतला शेतकऱ्यांचा पुढारी. जमीनदारांनी बळकावलेल्या जमिनी गावाला परत मिळाव्यात म्हणून लढला आणि दग्याने मारला गेला. दिग्दर्शक एलिया कझान. आता बघा गंमत. ज्याचा बाप त्याच क्रांतीत लढला, जो क्रांतीच्या धामधुमीत मेक्सिकोत जन्मला, तो क्विन कोणती भूमिका करतो? झापाटाच्या भावाची. आणि झापाटा कोण? नेब्रास्कात जन्मलेला ब्रँडो, रंग फासून. ब्रँडो मोठा नट होता, त्याबद्दल आमचे म्हणणे नाही. पण रंग फासायला लागला, एवढे नमूद करून ठेवतो.

तरी त्या चित्रपटात आम्हाला लक्षात राहतो तो भाऊच. युफेमिओ त्याचे नाव. लढाई संपल्यावर हाच भाऊ गरिबांच्या जमिनी दाबून बसतो, दुसऱ्याची बायको घरात आणतो. झापाटा जाब विचारायला येतो तेव्हा त्याचे म्हणणे एवढेच की इतकी वर्षे लढलो, मला काय मिळाले? क्विनने हे खलनायकासारखे केलेले नाही. थकलेल्या, दारू प्यायलेल्या, स्वतःचीच लाज वाटणाऱ्या माणसासारखे केले आहे. ज्यांच्या घरची माणसे १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेली, त्यांनी हा चित्रपट एकदा पाहावा. चळवळीत असा युफेमिओ पाहिला नाही असे म्हणणारा कार्यकर्ता आम्हाला अजून भेटायचा आहे. या भूमिकेसाठी क्विनला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. मेक्सिकोत जन्मलेल्या नटाला मिळालेले ते पहिलेच. ब्रँडोला त्या वर्षी नुसते नामांकन मिळाले.

त्यानंतर मात्र त्याने वळून पाहिले नाही. १९५४ साली इटलीत फेलिनीचा 'ला स्त्रादा'. गावोगाव फिरून छातीने साखळी तोडणारा पहिलवान आणि दहा हजार लिरांसाठी आईने त्याच्या हवाली केलेली भाबडी मुलगी. त्या मुलीचे हाल पाहून आमच्या घरच्या मंडळींनी क्विनला शिव्या दिल्या आणि शेवटी रात्री समुद्राच्या वाळूत तो रडतो तेव्हा त्याच मंडळींनी डोळे पुसले. १९५६ च्या 'लस्ट फॉर लाइफ'मध्ये चित्रकार गोगँच्या थोड्याशा कामासाठी दुसरे ऑस्कर. मग एस्किमो झाला, हूणांचा राजा अटिला झाला, कुबड्या क्वासिमोदो झाला, १९६८ साली सैबेरियातल्या छळछावणीतून सुटून पोप झालेला युक्रेनियन पाद्री झाला.

आणि १९६४ चा 'झोर्बा'. क्रीट बेटावर चित्रण, मिकिस थिओडोराकिसचे संगीत. सगळे भांडवल बुडाले, डोंगरावरून लाकूड उतरवायची तारवाट कोसळली, आणि हा गडी काठावर उभा राहून हात पसरून नाचतो. त्या नाचात एक पाय जरा ओढल्यासारखा पडतो. क्विनने सांगितले आहे की पायाचे हाड मोडले होते, उडी मारता येत नव्हती, म्हणून त्याने तो पाय फरफटवत न्यायची ढब काढली. आज ग्रीसमध्ये जाणाऱ्या पाहुण्यांना तोच नाच पिढ्यान्‌पिढ्यांचा म्हणून दाखवतात! उत्कृष्ट नटाचे ऑस्कर त्या वर्षी रेक्स हॅरिसन घेऊन गेला. क्विनला मुख्य भूमिकेसाठी ते कधीच मिळाले नाही.

इथे एक खटकणारी बाजू आहे ती लपवण्यात अर्थ नाही. 'लॉरेन्स'मध्ये औदा अबू ताई या खऱ्याखुऱ्या अरब सरदाराची भूमिका करताना क्विनने नकली नाक लावले. ते इतके जमले की दिग्दर्शक डेव्हिड लीनला तो कोणी स्थानिक अरबच वाटला, असा किस्सा सांगतात. किस्सा ऐकायला छान. पण चित्रपटातला औदा सोन्यासाठी लढणारा लोभी दाखवला आहे आणि त्याच्या वंशजांना ते आवडले नाही. ज्याच्या झापाटाची जागा रंग फासून दुसऱ्याने घेतली, त्यानेही अरबाची, एस्किमोची, चिन्याची जागा रंग फासूनच घेतली. त्याच्याजागी त्या त्या माणसांना बोलावले असते का? नसते, आणखी एखादा गोरा आला असता, हे आम्हाला मान्य आहे. तरी हिशेब हिशेब आहे.

दुसरी बाजू घरची. पहिली बायको असताना दुसरीकडे संसार, तिच्याशी १९६६ साली लग्न, पुढे तीही असताना तिसरीकडे मुले. एकूण डझनभर अपत्ये. ऐंशी ओलांडल्यावर तिसरे लग्न. पडद्यावर झोर्बाचे स्वच्छंदीपण पाहायला गोड वाटते, पण ज्या बायकांना ते घरात सोसावे लागले त्यांना कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्या सौभाग्यवतींचे मत याहून कडक आहे. ते छापण्यासारखे नाही.

अरबांची बाजू त्याने पुढे काही अंशी फेडली, असे म्हणायला जागा आहे. मुस्तफा अक्काद या सीरियात जन्मलेल्या दिग्दर्शकाबरोबर त्याने दोन चित्रपट केले. त्यातला 'लायन ऑफ द डेझर्ट' आम्ही व्हिडिओवर पाहिला. लिबियाचा उमर मुख्तार, मुलांना शिकवणारा म्हातारा मास्तर, इटालियन फौजेशी वीस वर्षे लढला आणि १९३१ मध्ये फासावर गेला. चित्रपटाला पैसा लिबियाच्या गद्दाफी सरकारचा होता, तेव्हा त्यात प्रचार असणारच. पण इटलीने हा चित्रपट १९८२ साली बंद केला आणि तो तिथे दाखवायला २००९ उजाडले, यावरून घाव कुठे लागला ते समजावे. क्विन त्यात फारसा ओरडत नाही. जाड भिंगांचा चष्मा लावून मुलांना शिकवतो, चष्मा काढून घोड्यावर बसतो. शेवटी फास बसतो, हातातला चष्मा खाली पडतो आणि गर्दीतले एक लहान पोर येऊन तो उचलते. त्या दिवशी कोणी पैज लावली नव्हती.

त्याने उतारवयात चित्रे काढली, लाकूड-दगडाच्या मूर्ती घडवल्या, त्यांची प्रदर्शने भरवली. मृत्यूनंतर त्याला ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्रिस्टल गावी, त्याच्या घराच्या आवारातच पुरण्यात आले.

पूर्व लॉस एंजेलिसमध्ये जिथे लहानपणी त्याचे कुटुंब राहत होते, त्या जागेवर आता सरकारी वाचनालय आहे. १९८२ साली त्याला अँथनी क्विनचे नाव देण्यात आले. वस्ती अजूनही बहुतेक मेक्सिकनांचीच आहे. शाळा सुटली की पोरे तिथे अभ्यासाला येतात.